सायकल ट्रॅक राहू द्या, आधी साइडपट्टी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळाल्याची छायाचित्रे आपल्या जिल्हा पानावर दरवर्षी येतात. राज्यातील १२५ मागास तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींसाठी ही योजना आहे आणि २०२२ पासून सायकलीमागे ५,००० रुपये मिळतात. योजना चांगलीच आहे. पण ती सायकल दुसऱ्या दिवसापासून कोणत्या रस्त्यावर चालणार, हे शिक्षण खाते बांधकाम खात्याला विचारत नाही आणि बांधकाम खाते कोणालाच विचारत नाही. शहरांत रंगीत पट्ट्यांच्या सायकल ट्रॅकवर चर्चासत्रे होतात. यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, चंद्रपूरच्या खेड्यांना तसला ट्रॅक नको आहे. त्यांना रस्त्याची साइडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेची मुरमाची टणक पट्टी, हवी आहे, आणि ती मंजूर अंदाजपत्रकात आधीपासूनच असते.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचा रस्ता साधारणपणे ३.७५ मीटर डांबराचा आणि एकूण ७.५ मीटर रुंदीचा असतो. म्हणजे दोन्ही बाजूंना १.८७५ मीटर साइडपट्टी. वाहतूक अगदी कमी असेल तिथे डांबर ३ मीटर आणि एकूण रुंदी ६ मीटर धरतात, तरीही बाजूला दीड-दीड मीटर उरते. दीड मीटरमध्ये एक सायकल आणि तिच्या शेजारून पायी जाणारा माणूस मावतो. शिवाय अशा एकपदरी रस्त्यावर समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांना एकमेकींना वाट देताना एकेक चाक याच पट्टीवर घालावे लागते, म्हणून ती टणक असणे गाडीवाल्यांच्याही सोयीचे आहे. कागदावरची ही पट्टी जागेवर कशी नाहीशी होते, ते सविस्तर सांगण्यासारखे आहे.

रस्त्याची भर घालताना बाजूचीच काळी माती खोदून कडेला लोटली जाते. कापसाची ही जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर मुरूम आला तरी तो टिपरने ढीग करून टाकायचा, जेसीबीच्या बकेटने पसरायचा आणि फोटो काढायचा, एवढाच सोपस्कार होतो. पाणी नाही, रोलर नाही. पहिल्याच पावसाळ्यात मुरूम खाली बसतो, काळा चिखल वर येतो आणि पायी माणूससुद्धा डांबरावर चढतो. दुसरे असे, की नूतनीकरणात डांबराचा नवा थर पडतो, पण पट्टी जुन्याच उंचीवर राहते. ५० मिलिमीटरचे दोन थर झाले की कडेला चार इंचांची पायरी तयार होते. सिमेंटच्या रस्त्यांना ती पायरी सहा-आठ इंचांचीही असते.

ही पायरी सायकलस्वाराला नेमकी कशी पाडते, हे अंदाजपत्रक करणाऱ्याने समजून घ्यायला हवे. मागून हॉर्न वाजतो, मुलगी खाली उतरते. परत वर यायला जाते तेव्हा चाक पायरीला जवळजवळ समांतर असते, म्हणून ते चढत नाही, कडेला घासत राहते. तिने जोर लावून हँडल वळवले की चाक एकदम वर चढते आणि सायकल आडवी होते. ती पडते ती शेताकडे नव्हे, तर रस्त्याच्या आत, मागच्या गाडीसमोर. पंचनाम्यात मात्र ‘तोल गेल्याने’ असे लिहिले जाते.

उपाय महाग नाही. कडेची काळी माती काढून टणक मुरूम १५० मिलिमीटरच्या थरात टाकायचा, पाणी मारून रोलरने दाबायचा, आणि त्याची वरची पातळी डांबराच्या कडेशी बरोबर जुळवायची. पट्टी डांबराहून उंच झाली तर पाणी रस्त्यावर तुंबून डांबर उखडते, म्हणून ‘जरा जास्तच टाका’ हेही चूक. बाहेरच्या बाजूला उतार ४ टक्के, म्हणजे दीड मीटरला ६ सेंटिमीटर. डांबराची किंवा सिमेंटची कड उभी न सोडता तिरकी केली, तर पुढे मुरूम थोडा वाहून गेला तरी चाक वर चढू शकते.

हिशेबही सोपा आहे. दीड मीटर रुंद, १५० मिलिमीटर जाड, एक किलोमीटर लांब, एका बाजूला: २२५ घनमीटर दाबलेला मुरूम, म्हणजे सुमारे ८० ब्रास. सुटा मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून आणताना १०० ब्रास धरावा लागतो. तीन ब्रासच्या टिपरने तेहतीस-चौतीस खेपा झाल्या. गावातल्या दोन मुलांनी खेपा मोजून ठेवल्या आणि त्या गौण खनिज वाहतूक पासांशी, म्हणजे मुरूम वाहण्याच्या सरकारी परवान्यांशी, ताडून पाहिल्या, तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. मुरूम मूठभर ओला करून दाबून पाहावा. हाताला चिकणमातीसारखा चिकटला तर तो मुरूम नव्हे. दाबलेल्या पट्टीवर बुटाची टाच जोराने मारली आणि खड्डा पडला, तर रोलर फिरलेला नाही.

यात वेळेचाही भाग आहे. निधी मार्चमध्ये कागदावर खर्ची पडतो आणि प्रत्यक्ष कामे एप्रिल-मेमध्ये होतात. गावाला प्यायला टँकर लागतो त्या दिवसांत मुरमावर पाणी मारणार कोण? साइडपट्टीचे काम ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये व्हावे. तेव्हा नाल्याला पाणी असते आणि जमिनीतही ओल असते.

काट्यांबद्दल बांधकाम खात्याच्या कागदात एक ओळही सापडत नाही. देखभालीत झुडपे तोडण्याची बाब असते. ठेकेदार वेडी बाभूळ तोडतो आणि फांद्या साइडपट्टीवरच टाकून जातो. पुढचे काही महिने तिथून गेलेली प्रत्येक सायकल पंक्चर. पावसाळ्यानंतर सराटा वाळतो तो वेगळाच. ‘तोडलेली झुडपे रस्ता हद्दीबाहेर हलवणे’ एवढे शब्द कामाच्या आदेशात घातले तरी पुरे. ग्राम सडक योजनेच्या रस्त्याची पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडेच असते आणि तीत पट्टीची भर, पावसाने पडलेल्या घळी बुजवणे व झुडपे काढणे येते. रस्त्याच्या सुरुवातीला लावलेल्या माहिती फलकावर ही मुदत वाचता येते.

हे सारे कोणाच्या लक्षात का येत नाही? मोजणीत ही माणसे येतच नाहीत म्हणून. कामावर लोक कशाने जातात, हा प्रश्न २०११ च्या जनगणनेत विचारला गेला. पण तो ‘इतर कामगारांपुरता’ होता. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले कामगार त्यातून वगळले होते. म्हणजे कापूस वेचणीला पहाटे पायी निघणाऱ्या बाया कोष्टकाच्या बाहेर. शाळेत जाणारी मुलेही बाहेर. रस्त्यावरच्या वाहतूक गणनेत मोटारीला एक एकक धरून सायकल अर्धे एकक धरली जाते आणि पायी माणूस धरलाच जात नाही. रस्त्याची जाडी ट्रकच्या वजनावर ठरावी हे रास्तच आहे. पण रुंदीचा आणि ओलांडायच्या जागांचा विचारही त्याच कोष्टकावरून झाला, तर दुसरे काय होणार?

म्हणून ग्रामपंचायतीने स्वतःची गणना करावी. सलग सात दिवस, सकाळी सहा ते रात्री आठ, तीन ठिकाणी: शाळेच्या वळणावर, फाट्यावर आणि नाल्याच्या रपट्यावर (ठेंगण्या पुलावर). रकाने सहा: पायी, सायकल, दुचाकी, बैलगाडी, ट्रॅक्टर, इतर वाहने. पायी आणि सायकलच्या रकान्यात शाळकरी मुले व साठीपुढची माणसे वेगळ्या खुणेने. सात दिवस घेतले की आठवडी बाजाराचा दिवस आपोआप येतो. एकदा कापूस वेचणीच्या दिवसांत आणि एकदा जुलैत, म्हणजे कोरड्या आणि चिखलाच्या दिवसांतला फरक कागदावर येईल.

आता वेग. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकांप्रमाणे ताशी ३० किलोमीटरने येणाऱ्या चालकाला थांबण्यासाठी ३० मीटर पुढचे दिसावे लागते, ताशी ५० ला ६० मीटर आणि ताशी ८० ला १२० मीटर. आपल्याकडे ऑक्टोबरपासून वळणांवर पुरुषभर उंचीची तूर उभी असते. जिथे पांदण, म्हणजे शेतांमधली वाट, डांबरी रस्त्याला मिळते तिथे ३० मीटरही दिसत नाही. तिथल्या दोन्ही कोपऱ्यांत तुरीऐवजी सोयाबीन किंवा हरभरा घ्यायला शेतकरी सहसा नाही म्हणत नाहीत. मात्र ते त्यांना पेरणीआधी सांगावे लागते.

अपघात झाला की गाव रात्रीतून गतिरोधक टाकते. फूटभर रुंद, आठ इंच उंच सिमेंटचा वरंबा. त्याने ट्रकचा वेग कमी होतो हे खरे, पण सायकलची रिम वाकते, कॅरिअरवरचे पोर उडते आणि अंधारात दुचाकीवाला मरतो. मानकातला गोलाकार गतिरोधक गाडीच्या दिशेने ३.७ मीटर लांबीचा आणि फक्त १० सेंटिमीटर उंचीचा असतो. ताशी २५ च्या वेगाला तो सायकललाही जाणवत नाही. त्याच्या ४० मीटर आधी फलक आणि अंगावर काळे-पांढरे पट्टे हवेत. गावातून लांबवर जाणाऱ्या रस्त्यावर एक पुरत नाही, दर १००-१२० मीटरला एक लागतो. नाहीतर गाडी पुढे जाऊन दुप्पट जोरात पळते. शाळेसमोर मात्र गतिरोधकच सपाट माथ्याचा करावा आणि त्यावरूनच मुलांना रस्ता ओलांडू द्यावा. राज्य महामार्गावर मनाला येईल तिथे गतिरोधक टाकता येत नाहीत. तिथे गाव सुरू होण्याआधी थर्मोप्लास्टिकच्या खडखडणाऱ्या पट्ट्या मारतात. त्या कडेपर्यंत न नेता बाहेरचा एक मीटर मोकळा सोडावा, म्हणजे सायकलवाला त्या चुकवायला रस्त्याच्या मध्यात येणार नाही.

गावठाणातला प्रश्न नालीचा आहे. सिमेंट रस्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत आणि कडेला उघडी नाली, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला चालायला ट्रॅक्टरच्या वाटेशिवाय जागा नाही. नालीवर झाकण घातले की तीच पायवाट होते. झाकण ६० × ५० × १० सेंटिमीटरचे करावे. ते सुमारे ७५ किलो भरते आणि दोन माणसांना आकड्याने उचलता येते. सलग स्लॅब ओतला तर गाळ काढता येत नाही आणि पहिल्याच तुंबणीत तो फोडावा लागतो. अनेक गावांत तसे फोडलेले स्लॅब दिसतात.

खेड्यातला खरा चौक म्हणजे फाटा. एसटी गावात येत नाही, फाट्यावर थांबते. निवारा एकाच बाजूला असतो, बहुधा तालुक्याकडे जाणाऱ्या. संध्याकाळी परतणारी मुले पलीकडे उतरतात आणि उभ्या बससमोरूनच रस्ता ओलांडतात. थांबा फाट्याच्या पुढे, वळणाच्या पलीकडे असावा, म्हणजे उतरलेली माणसे बसच्या मागून ओलांडतील आणि त्यांना येणारी गाडी दिसेल. दिवा हवाच. आणि सायकली ठेवायला जागा हवी. गाव ते फाटा सायकलने, पुढे एसटीने, असा प्रवास जमला तर दूरच्या महाविद्यालयाची मुलगीही घरूनच शिकू शकते. सायकल कुठे ठेवायची, या एका कारणाने तो अडतो.

स्टँडचे मोजमाप असे. दीड इंची जीआय पाइपची उलटी ‘यू’, जमिनीवर ७५ सेंटिमीटर, दोन ‘यू’मध्ये एक मीटर. प्रत्येकीला दोन सायकली टेकतात आणि चौकटीला साखळी लावता येते. नुसते चाक अडकवायचे स्टँड घेऊ नयेत. धक्का लागला की रिम वाकते. साठ सायकलींना तीस ‘यू’, पंधरा-पंधराच्या दोन ओळी, मध्ये दीड मीटर वाट: १५ मीटर लांब, साडेपाच मीटर रुंद. वर पत्रा, आणि पश्चिमेला तो अर्धा मीटर जास्त पुढे. आपल्या उन्हात उघड्यावर ठेवलेल्या सायकलचे टायर दोन उन्हाळ्यांत तडकतात. शाळेतही हीच शेड, सोबत एक उभा पंप आणि पंक्चरचे सामान. हा खर्च वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून, म्हणजे ठरावीक कामाचे बंधन नसलेल्या निधीतून, करता येतो.

चौपदरी महामार्गाशेजारच्या गावांची गत आणखी वाईट आहे. भुयारी मार्ग दूर असला की माणसे दुभाजक फोडतात आणि उलट्या बाजूने सायकल चालवतात. त्यांना बेशिस्त म्हणणे सोपे आहे. सायकल सुमारे १.८ मीटर लांब असते. दुभाजकात थांबायची जागा किमान २ मीटर रुंद नसेल तर मागचे चाक वेगाच्या पट्ट्यातच राहते. नव्या पुलांवरही पायवाट मागावी. मानकात ती किमान दीड मीटर सांगितली आहे, पण लहान पुलांच्या अंदाजपत्रकातून ती सहज गळते.

सुगीत रस्त्याच्या अर्ध्या भागावर सोयाबीन वाळत असते. त्याबद्दल शेतकऱ्यावर गुन्हे दाखल करण्याच्या सूचना अधूनमधून होतात, त्या निरर्थक आहेत. सिमेंट रस्त्याइतके सपाट आणि स्वच्छ दुसरे काही गावात नाही. ग्रामपंचायतीने सामायिक सिमेंट खळे बांधावे, रस्ता आपोआप मोकळा होईल.

पांदण रस्त्यांकडे आपण फक्त ट्रॅक्टरच्या नजरेने पाहतो. गाव नकाशा काढून पाहा: तुटक दोन रेषा म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फुटांचा, तुटक एक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. सव्वाआठ फूट म्हणजे अडीच मीटर, दोन सायकली समोरासमोर सहज जातील एवढा. दोन गावांमधला जुना पायमार्ग कितीतरी ठिकाणी डांबरी रस्त्याहून जवळचा असतो आणि त्यावर भरधाव गाडी नसते. अतिक्रमण झाले असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. बांधताना वरची ३० सेंटिमीटर काळी माती काढून १५-१५ सेंटिमीटरचे टणक मुरमाचे दोन थर द्यावेत. मध्य कडेपेक्षा ५ सेंटिमीटर उंच, आणि शेताच्या बाजूने चर. चराशिवाय टाकलेला मुरूम एका पावसाळ्यात जमीन गिळते. पांदणीची बहुतेक कामे इथेच फसतात. शाळेच्या पायमार्गाच्या तोंडाशी १.२ मीटर अंतरावर दोन दगड रोवले की सायकल आणि अपंगांची तीनचाकी जाते, चारचाकी जात नाही. बैलगाडीची वहिवाट असेल तिथे मात्र हे करू नये, भांडणे होतील.

सावलीशिवाय आपल्याकडे हे सारे मार्चपासून निरुपयोगी. रुंदीकरणात गेलेल्या कडुनिंब-चिंचांच्या बदल्यात दुभाजकात कण्हेर लावतात, तिची सावली कोणावर पडते? मेच्या अखेरीस दुपारी बाराला सूर्य आपल्या डोक्यावर असतो आणि सावली झाडाखालीच पडते. म्हणून फांद्या पट्टीवर झुकतील अशी रांग हवी. दक्षिणोत्तर रस्त्याला पश्चिमेची बाजू आधी लावावी, दुपारी तीननंतर तीच उपयोगी पडते. कडुनिंब, करंज, चिंच चालतील. गुलमोहर वादळात मोडतो, त्याला रस्त्याच्या कडेला जागा नको. तीन उन्हाळे पाणी घालण्याची तरतूद नसेल तर खड्डेही खणू नयेत.

ब्रह्मपुरी, ताडोबा आणि गडचिरोलीच्या जंगललगतच्या गावांसाठी वेगळे बोलायला हवे. पहाटे आणि दिवेलागणीला तिथे मुलांना सायकलने पाठवा असे कोणी सांगू नये. तिथे मानव विकासची निळी बस शाळेच्या वेळेवर येणे हाच उपाय आहे. दिवसाच्या वाहतुकीसाठी रस्त्याच्या दोन्ही बाजूंची दाट झुडपे वन विभागाच्या संमतीने मागे हटवावीत, जेणेकरून माणसाला जनावर आणि जनावराला माणूस लांबून दिसेल.

कायद्याचा आधार आता पुरेसा आहे. अडथळ्याविना पदपथ वापरणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधला हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी म्हटले. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८(१अ) आणि २१०ड खाली पादचारी, बिनइंजिनाची वाहने आणि रस्त्यांची रचना यांबाबत सहा महिन्यांत नियम करण्यास राज्यांना सांगितले. महाराष्ट्राच्या नियमांत ‘पदपथ’ म्हणजे फक्त शहरी फरशी, असे होऊ नये. ग्रामीण रस्त्याची टणक साइडपट्टी हाच तिथला पदपथ, असे त्यात स्पष्ट लिहावे. कलम १९८अ नुसार मानक न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणा किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कडेची पायरी मोजून, टेप धरून काढलेले छायाचित्र त्यासाठी जपून ठेवावे.

येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घेताना ‘रस्ता दुरुस्त करावा’ असे मोघम लिहू नये. त्यावर फक्त डांबराचे ठिगळ मिळते. ‘किमी २/४०० ते ३/१००, दोन्ही बाजू, साइडपट्टी दीड मीटर, मुरूम दाबून १५० मिमी, पातळी डांबराच्या कडेशी’ असे लिहावे (२/४०० म्हणजे २ किलोमीटर ४०० मीटर) आणि सात दिवसांची गणना जोडावी. ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग असेल तर प्रत जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला, प्रमुख जिल्हा मार्ग किंवा राज्यमार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाला, ग्राम सडक योजनेचा असेल तर महाराष्ट्र ग्रामीण रस्ते विकास संस्थेच्या जिल्ह्यातील कार्यकारी अभियंत्याला. पोच घ्यावी, आणि जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीआधी तीच प्रत आपल्या गटाच्या लोकप्रतिनिधीच्या हातात द्यावी.

आपला,
रस्ते विभागातील एक निवृत्त शाखा अभियंता,
जि. यवतमाळ